पुण्याचा गेंडा आणि गंगाराम तांबट

आजचा भाग गेंड्यावर आहे. खरं तर दोन गेंड्यांवर, पण दुसरा जरा वेळाने येईल.

पहिला गेंडा पुण्याचा. साल १७९०, महिना नोव्हेंबर. पर्वतीच्या पायथ्याशी तेव्हा पेशव्यांचा शिकारखाना होता. नावावरून वाटतं की तिथे शिकार चालत असेल. तसं नाही. शिकारखाना म्हणजे रानटी जनावरं बाळगायची जागा, आपण आज प्राणिसंग्रहालय म्हणू तसलं काहीतरी. सवाई माधवराव पेशवे तेव्हा सोळा वर्षांचे होते, आणि त्यांना जनावरांचा भारी नाद. वाघ, सिंह, काळवीट, आणि त्यात एक गेंडा. काळवीट आपल्याकडे अगदी वाशीमच्या माळावरही दिसतो, त्याचं नवल नाही. गेंडा मात्र तराईतला, आसामकडचा, दलदलीत राहणारा प्राणी. पर्वतीखाली तो उभा असेल तेव्हा बघायला गर्दी झाली नसेल तरच नवल.

त्या गेंड्याचं एक चित्र आज अमेरिकेत आहे, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात. पुण्याच्या पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा, नोव्हेंबर १७९०, अशी त्याची नोंद. आणि चित्रकाराचं नाव गंगाराम तांबट. पूर्ण नाव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट.

आता या आडनावापाशी थोडं थांबू या. तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारा. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आजही आहे, आणि दिवसा त्या गल्लीतून गेलात तर हातोडीचे ठोके ऐकू येतात. तांब्याच्या भांड्यावर एकसारखे ठोके मारत जायचे, की त्या पत्र्याला चकाकी येते आणि बळकटीही येते. त्याला मठारकाम म्हणतात. एक ठोका चुकला तर भांडं सांगतं. म्हणजे या माणसाच्या हातात कागद येण्याआधी, त्याच्या घराण्याच्या हातात पिढ्यानपिढ्या धातू होता. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर हा गंगाराम चित्रकलेचा विद्यार्थी म्हणून ओळखला जातो. पुण्यात १७८६ पासून इंग्रजांचा रेसिडेंट होता चार्ल्स वॉर मॅलेट. संगमावर त्याचा बंगला. मॅलेटला लेण्यांचा, नाण्यांचा, जनावरांचा, सगळ्याचाच शोक. पेशव्यांच्या रमण्यात काळवीट कसे वाद्यांच्या आवाजावर जवळ येतात, याची हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. त्याच्याच आग्रहावरून शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा निघाली. तिथे शिकवायला होता जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार. या शाळेचा सगळ्यात नावाजलेला विद्यार्थी म्हणजे गंगाराम. रावबहादूर पारसनीसांनी १९२१ साली जुन्या पुण्यावर जे इंग्रजी पुस्तक लिहिलं, त्यात या शाळेची हकीकत आली आहे.

मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ साली. म्हणजे त्याच्या साठ-पासष्ट वर्षं आधी पुण्यात, पेशव्यांच्या वाड्यात, चित्रकलेचा वर्ग भरत होता. आपल्याकडे कलाशिक्षणाचा इतिहास सांगताना गाडी सरळ जे. जे.पासून सुटते. हे स्टेशन कुणी घेतच नाही.

आणि इथे तारखा नीट लावून बघा. वेल्स मुंबईत उतरला जुलै १७९१ मध्ये. पुण्याला तो त्यानंतरचा. गेंड्याचं चित्र नोव्हेंबर १७९० चं. म्हणजे साहेब गुरुजी येण्याच्या आधीच हा विद्यार्थी जिवंत गेंडा बघून चित्र काढत होता! वेल्सकडून तो शिकला, यात वाद नाही. छायाप्रकाश, दूरचं-जवळचं, हे त्याने तिथे पक्कं केलं असणार. पण कोऱ्या पाटीवर साहेबाने सगळं लिहिलं, अशी जी एक गोष्ट आपण ऐकत आलोय, ती या एका तारखेपुढे टिकत नाही.

आता दुसरा गेंडा. त्यासाठी पुण्याहून गोव्याला जायचं आणि काळात २७५ वर्षं मागे.

गुजरातचा सुलतान मुजफ्फरशाह दुसरा याने पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो जानेवारी १५१५ मध्ये गोव्यातून जहाजावर चढवला. चार महिने प्रवास करून २० मे १५१५ ला गेंडा लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात आलेला हा पहिला जिवंत गेंडा. पोर्तुगीज त्याला 'गंडा' म्हणायचे, म्हणजे आपलाच शब्द सोबत गेला. राजाने तिथे हत्तीशी त्याची झुंज लावली, तर हत्तीच पळाला. मग राजाच्या मनात आलं की हा पोपना नजराणा पाठवावा. पुन्हा जहाज, पुन्हा साखळ्या. इटलीच्या किनाऱ्याजवळ १५१६ च्या सुरुवातीला ते जहाज बुडालं, आणि साखळदंडात बांधलेला गेंडा त्याच्याबरोबर गेला.

पण त्याआधी लिस्बनहून कुणीतरी एक पत्र आणि एक कच्चं रेखाटन जर्मनीत न्यूरेंबर्गला पाठवलं होतं. तिथे होता आल्ब्रेख्ट ड्यूरर. ड्यूररने गेंडा कधीच पाहिला नाही. त्याने ते पत्र वाचलं, रेखाटन पाहिलं, आणि लाकडाच्या ठोकळ्यावरून गेंड्याचं चित्र छापलं. अंगावर चिलखताच्या पाट्या, पायांवर खवले, आणि मानेच्या वर पाठीवर एक जादाचं छोटं शिंग. असं शिंग कुठल्याच गेंड्याला नसतं. पण चित्र एवढं जबरदस्त की पुढची दोनशे वर्षं युरोपला गेंडा म्हणजे हाच वाटत होता. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत, चिनी मातीच्या भांड्यांवर, शिल्पांत, सगळीकडे ते पाठीवरचं खोटं शिंग.

का? चित्र चांगलं होतं, हे एक कारण. पण मोठं कारण वेगळं. ते छापलेलं होतं. एका ठोकळ्यावरून शेकडो प्रती निघतात. त्या गावोगाव जातात, त्यांवरून दुसरे ठोकळे कोरतात, त्यांच्या आणखी प्रती. आणि प्रत्येक प्रतीवर ड्यूररच्या नावाची ती प्रसिद्ध दोन अक्षरं.

गंगारामचं नेमकं उलटं. त्याने गेंडा डोळ्यांनी पाहिला. त्याने चित्र काढलं ते कागदावर, हाताने, एकच. ते मॅलेटच्या कागदपत्रांत गेलं, मॅलेटबरोबर विलायतेला गेलं, आणि कपाटात राहिलं. न पाहिलेल्या गेंड्याने जग जिंकलं आणि पाहिलेला गेंडा दोनशे वर्षं कुणाला माहीत नव्हता. मला तरी हा इतिहासातला मोठा अन्याय वाटतो. ड्यूररचा दोष नाही त्यात, तो थोरच. पण छापखाना कुणाच्या गावात आहे, यावर खरं चित्र कुणाचं हे ठरतं, ही गोष्ट जरा टोचते.

इथे कुणी म्हणेल, अहो, पुण्यात छापायची कला नव्हती, मग काय करणार? तर आता तांब्याकडे वळू.

त्या काळात चित्र छापायचे दोन मुख्य मार्ग. एक लाकडी ठोकळा. त्यात जे छापायचं नाही ते कोरून काढायचं आणि उरलेल्या उंच भागाला शाई लावायची. दुसरा तांब्याचा पत्रा. त्यात उलटं. जी रेघ हवी ती कोरणीने पत्र्यात खोल कोरायची, पत्रा शाईने माखायचा, मग वरची शाई फडक्याने पुसून टाकायची. शाई फक्त खाचांत राहते. त्यावर ओलसर कागद ठेवून जड रुळांमधून काढला की कागद त्या खाचांमधली शाई उचलतो. आणखी एक प्रकार होता, पाण्याच्या रंगाची झाक छापात आणायचा. पत्र्यावर राळेची बारीक पूड चिकटवायची आणि पत्रा तेजाबात बुडवायचा. राळेच्या कणांमधल्या जागा तेजाब खातो, पत्रा खरखरीत होतो, आणि छापात सावलीसारखा मऊ करडेपणा उतरतो.

यात अवघड काय आहे? पत्रा सपाट करणं, घासून आरसा करणं, हात न थरथरता धातूत रेघ ओढणं. म्हणजे जे तांबटाला झोपेतही येतं ते! युरोपात तांब्यावर छापचित्रं काढणारे सुरुवातीला आले ते बहुतेक सोनार, शस्त्रांवर नक्षी करणारे यांच्यातूनच. ड्यूररचा बापही सोनार होता, आणि पोरगा आधी बापाच्याच दुकानात हात बसवून आला.

आणि तांब्यावर कोरणं आपल्याकडे काय नवीन होतं? वाशीमला हे सांगायला नको. आपलं गाव वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, हे आपल्याला पक्कं कळलं त्यात १९३९ मध्ये इथेच सापडलेल्या ताम्रपटाचा मोठा वाटा आहे. दुसऱ्या विंध्यशक्तीचा, त्याच्या राज्याच्या ३७ व्या वर्षीचा. वंशावळ संस्कृतात, व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. दीड हजाराहून जास्त वर्षांपूर्वी इथले कारागीर तांब्याच्या पत्र्यावर ओळीच्या ओळी कोरत होते. अभ्यासक अशा पत्र्यांचे शाईचे ठसे घेतात. ओलसर कागद पत्र्यावर ठोकून बसवतात आणि शाई वरून कागदाला लावतात, म्हणून अक्षरं सुलटी येतात, काळ्यावर पांढरी. छापताना शाई कागदाला न लावता पत्र्याला लावायची, एवढाच फरक. पण मग अक्षरं उलटी कोरावी लागतात. हे एवढंसं अंतर. हजार-दीड हजार वर्षं ते कुणी ओलांडलं नाही, कारण गरज नव्हती. ताम्रपट एकाच घराने जपायचा असतो. दान एकाला दिलेलं, प्रती शंभर कशाला?

बरं, मग गंगारामच्या चित्रांपैकी काहीच छापलं गेलं नाही का? गेलं. पण जनावरं नव्हे, लेणी. मॅलेटने वेरूळच्या लेण्यांवर लेख लिहून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला पाठवला. त्यासाठी वेरूळची रेखाटनं केली गंगारामने. १७९९ साली सोसायटीच्या संशोधन ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात तो लेख आला, आणि सोबत ताम्रपत्र्यांवरून छापलेली चित्रं. वेरूळचं कैलास ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल, त्याच्या जोत्याला हत्ती आणि सिंह आहेत. सगळं देऊळ त्या जनावरांच्या पाठीवर उभं आहे असं वाटतं. जिवंत हत्ती-गेंडे काढणाऱ्या माणसाला तिथे उभं राहून काय वाटलं असेल, याची मी फक्त कल्पना करू शकतो.

वेल्सनेही वेरूळ काढलं. ती चित्रं लंडनला १८०३ साली छापून आली, चोवीस चित्रांचा मोठा ग्रंथ, ती राळ-तेजाबाची पद्धत वापरून. करवून घेतली टॉमस डॅनियलने. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर दोन नावं मोठ्या मानाने आहेत, वेल्स आणि डॅनियल. रेखाटनं वेल्सची, म्हणून नाव वेल्सचं, हे रास्तच. पण पुण्यातला जो माणूस त्याच लेण्यांत कागद घेऊन बसला होता, तो त्या मानाच्या पानावर कुठेच नाही.

आता मुख्य प्रश्न. पुण्यात छापचित्रांची शाळा का उभी राहिली नाही? सामान होतं. तांबं होतं, हात होते, शिकवणारा होता, शौकीन राजा होता. 'पेशवाई मागासलेली होती' हे उत्तर मला पटत नाही. ते फार सोपं आहे. मला दिसतं ते असं की माणसंच एकामागून एक गेली.

ऑक्टोबर १७९५. सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून पडले आणि दोन दिवसांत गेले. वय एकवीस. तो घात की अपघात यावर आजवर शाई खर्च होते आहे, आपण आज त्यात पडायला नको. नोव्हेंबर १७९५. वेल्स साष्टीत लेण्यांची चित्रं काढताना तापाने आजारी पडला, तोही गेला. म्हणजे काही आठवड्यांच्या आत शाळेचा राजा आणि शाळेचा मास्तर दोन्ही नाहीसे. १७९८ मध्ये मॅलेटने हिंदुस्थान सोडला. पुढच्याच वर्षी त्याने वेल्सच्या मुलीशी, सुझानाशी लग्न केलं, तर वेल्सची चित्रं आणि मॅलेटचे कागद असे एकाच घरात आले. मार्च १८०० मध्ये नाना फडणवीस गेले. आणि १८०२ च्या दिवाळीत यशवंतराव होळकरांनी हडपसरला लढाई मारली, पुणं हातात घेतलं. लोक जीव वाचवायला बघत होते, गेंड्याचं चित्र कुठे आणि काय.

तरी एक धागा तुटला नाही, आणि तो पुन्हा तांबटाच्याच हातातला. नानांच्या मनात भगवद्गीता छापायची होती. मॅलेटच्या काळातच पुण्यातला एक तांबट तांब्यावर अक्षरं कोरायला तयार झाला होता, त्याच्याकडून नानांनी हे काम हाती घेतलं. नाना गेले, काम अर्धवट राहिलं. तो तांबट मग मिरजेला गंगाधरराव गोविंद पटवर्धनांकडे गेला, आणि १८०५ साली मिरजेत ती गीता तांब्याच्या पत्र्यांवरून छापून निघाली. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या छापखान्यांच्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. ज्या कारागिरीतून पुण्याचा गेंडा छापता आला असता, त्याच कारागिरीतून मिरजेची गीता छापली गेली. ग्रंथ आधी, जनावर नंतर. साहजिकच आहे म्हणा.

जाता जाता, त्याच सुमारास तिकडे तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात मराठीत 'बालबोध मुक्तावली' छापली. ती इसापच्या गोष्टींचं भाषांतर. म्हणजे मराठीत छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांत कोल्हे, सिंह, कावळे येऊन बसले होते. पुण्याच्या गेंड्याचीच गाडी चुकली.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते, आणि ती मला गोड लागत नाही. ही चित्रं विलायतेला गेली म्हणून वाचली. संगमावरचा तो रेसिडेन्सीचा बंगला ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीच्या लढाईच्या दिवशी, जाळला गेला. एल्फिन्स्टनची पुस्तकं, कागद सगळं त्यात गेलं. गंगारामचे कागद तिथेच राहिले असते तर? एकच प्रत असलेल्या चित्राचं आयुष्य असं काडीवर असतं. एखाद्या पत्र्यावरून पन्नास प्रती निघाल्या असत्या तर एक पुण्यात, एक साताऱ्यात, एखादी नागपूरकर भोसल्यांकडे, कुठेतरी उरलीच असती. मग चोरून नेली की वाचवून नेली, हा वादच उरला नसता.

गंगारामची येलमधली चित्रं बघताना आणखी एक जाणवतं. त्याने फक्त जनावरं आणि लेणी काढली नाहीत, व्यायाम करणारे पहिलवानही काढले. वजन कुठे पडतं, कुठला स्नायू ताणतो, अंग कसं तोललं जातं, याकडे त्याचं लक्ष आहे. ठोका कुठे बसतोय हे पत्र्याच्या आवाजावरून ओळखणाऱ्या माणसाची नजर. होलि शॅफर या अभ्यासिकेने अलीकडे पश्चिम भारतातल्या या देवाणघेवाणीवर मोठं पुस्तक लिहिलंय, त्यात गंगाराम हा नुसता 'नेटिव्ह विद्यार्थी' राहत नाही, कामात बरोबरीने वाटा असलेला कलाकार म्हणून समोर येतो. मराठीत असं पुस्तक यायला हवं. मोडी वाचणाऱ्याने लिहायला हवं.

पर्वतीच्या पायथ्याशी १९५३ मध्ये महापालिकेने पेशवे उद्यान काढलं, तिथे पुन्हा वाघ-सिंह आले, पुण्याच्या दोन पिढ्या तिथे पांढरा वाघ बघत मोठ्या झाल्या. २००५ पर्यंत जनावरं कात्रजला हलवली. तिथे गंगारामच्या नावाची एखादी पाटी लावायला हरकत नव्हती. जाऊ दे.

आपल्या जिल्ह्यात एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसणारी पुष्कळ पोरं हा कार्यक्रम ऐकतात. पुढे एटीडी करणारीही आहेत. त्यांच्यासाठी एक काम. येलच्या ब्रिटिश कला केंद्राचा संग्रह इंटरनेटवर मोफत बघता येतो. तिथे गंगारामच्या नावाने शोधा, मोबाइलवर गेंडा येईल. लिनोचा एक तुकडा आणि कोरणी घ्या. चित्र आधी ट्रेसिंगवर उतरवा आणि ट्रेसिंग उलटं करून लिनोवर ठेवा, नाहीतर छापात गेंड्याचं तोंड दुसरीकडे होईल. ड्यूररचंही तसंच झालंय, त्याच्या रेखाटनात गेंडा डावीकडे बघतो आणि छापात उजवीकडे. शाई पातळ लावा. कातडीच्या घड्या कोरताना घाई करू नका, सगळा गेंडा त्या घड्यांतच आहे. आणि पाठीवर जादाचं शिंग काढू नका!

पहिला छाप डागाळेल, तो टाकू नका. तिसऱ्या-चौथ्या छापापासून बरं येतं. आला की खाली पेन्सिलीने आधी त्याचं नाव लिहा, गंगाराम तांबट, पुणे, १७९०, आणि मग तुमचं. एक प्रत आम्हाला पाठवा, बाकीच्या वाटून टाका.